दिव्यांगांच्या सवलती: आधी काय, मग काय

दिव्यांगत्वाचा दाखला जिल्हा रुग्णालयात मिळतो. दरमहा मिळणाऱ्या पैशांचा अर्ज तहसील कार्यालयात द्यायचा. पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, परीक्षेतल्या सवलतीचा मुख्याध्यापकांमार्फत बोर्डाकडे, पाच टक्के निधीचा ग्रामपंचायतीत. महाराष्ट्रात सोयी पुष्कळ आहेत, पण त्या एका छताखाली नाहीत. ३ डिसेंबर २०२२ रोजी राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला, तरी आरोग्याची कामं आरोग्य खात्याकडे आणि महसुलाची महसूल खात्याकडेच राहिली. त्यामुळे घरच्यांचे बरेचसे हेलपाटे क्रम चुकल्यामुळे होतात. उत्पन्नाचा दाखला नसताना तहसीलला गेलं, यूडीआयडी (दाखल्यासोबत मिळणारं केंद्र सरकारचं दिव्यांग ओळखपत्र) नसताना साधनांच्या शिबिराला गेलं, मुलाला अठरा पूर्ण झाल्यावर बँकेत गेलं, की माणूस रिकाम्या हाताने परत येतो. हा क्रम नीट लावता यावा म्हणून हा लेख आहे.

सगळ्याची किल्ली: यूडीआयडी

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते, आता एकवीस आहेत. अंधत्व, श्रवणदोष आणि हातापायांचं अपंगत्व सगळ्यांना माहीत असतं. पण स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हेही या यादीत आहेत. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. आपल्याला हा दाखला मिळू शकतो, हे त्यांतल्या अनेक घरांत अजून पोहोचलेलं नाही.

१ जून २०२१ पासून दाखला केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरूनच मिळतो. तिथे नोंदणी करताना आधार, फोटो, सही किंवा अंगठा, पत्ता आणि आपल्या भागातलं रुग्णालय अशी माहिती भरावी लागते. अर्ज गेला की नोंदणी क्रमांक मिळतो. पावती छापून घ्यायची आणि त्या रुग्णालयात दिव्यांग मंडळ ज्या वारी बसतं त्या वारी जायचं. वार आधी फोन करून किंवा माणूस पाठवून विचारून घ्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रिक्षात घालून नेल्यावर ‘आज बोर्ड नाही’ हे ऐकायला लागू नये.

इथे चुका कुठे होतात ते आधीच पाहून ठेवा. पहिली चूक मोबाइल क्रमांकाची. सेवा केंद्रवाला घाईत स्वतःचा नंबर टाकतो, मग पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात. नंबर घरातलाच द्या, आणि तो आधारला जोडलेला आहे ना हेही बघा. दुसरी चूक नावाची. आधारवर ‘ज्ञानेश्वर’ आणि शाळेच्या दाखल्यावर ‘ज्ञानदेव’ असेल, तर आत्ता दुर्लक्ष केलेला हा फरक पुढे प्रत्येक खिडकीवर आडवा येतो. आधी आधार दुरुस्त करा, मगच यूडीआयडीचा अर्ज भरा. हाताचे ठसे येत नाहीत किंवा डोळे स्कॅन होत नाहीत म्हणून आधारच निघत नसेल, तर ‘बायोमेट्रिक अपवाद’ या सोयीखाली ते काढता येतं. आधार केंद्रात हे शब्द वापरून मागणी करा.

तिसरी चूक म्हणजे मोकळ्या हाताने तपासणीला जाणं. मंडळाचे डॉक्टर माणसाला काही मिनिटं पाहतात. जुने केसपेपर, एक्स-रे, एमआरआय, डिस्चार्ज कार्ड, श्रवण आलेख, मानसशास्त्रज्ञाचा बुद्ध्यांकाचा अहवाल असं काहीही असेल तर तारखांच्या क्रमाने लावून न्या. कानाची तपासणी त्याच रुग्णालयात होत नसेल तर तुम्हाला मोठ्या रुग्णालयात पाठवतात. त्याचा अर्थ नकार असा नसतो, म्हणून अर्ज तिथेच सोडून देऊ नका.

जुना कागदी किंवा राज्याच्या आधीच्या एसएडीएम या ऑनलाइन प्रणालीवरचा दाखला असलेल्यांनीही पोर्टलवर नोंदणी करून तो चढवायचा आहे. फोटो अंधुक, शिक्का अर्धवट कापलेला अशी प्रत चढवली तर अर्ज रुग्णालयाच्या खात्यात नुसता पडून राहतो. स्थिती पोर्टलवर दिसते, ती अधूनमधून बघत राहा. कार्ड टपालाने येतं, पण त्याआधीच ई-कार्ड उतरवून घेता येतं आणि तेही चालतं. कार्डाच्या रंगालाही अर्थ आहे: ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ८० पिवळं, ८० आणि त्यावर निळं.

दाखला हातात आल्यावर टक्क्यांइतकीच एक ओळ नीट वाचा. पुन्हा तपासणीची गरज नाही असं लिहिलंय, की अमुक वर्षांनी तपासणी करावी आणि दाखला अमुक तारखेपर्यंत वैध आहे असं लिहिलंय? दुसरं असेल तर ती तारीख कॅलेंडरवर लिहा आणि तिच्या तीन महिने आधीच नूतनीकरणाला लागा. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांची साधारण ५, १० आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. अध्ययन अक्षमतेचा दाखला वयाच्या आठव्या वर्षापासून मिळतो आणि १४ व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. मुदत संपलेल्या दाखल्यावर सगळं थांबतं: पैसे, शिष्यवृत्ती, परीक्षेची सवलत.

टक्के कसे मोजतात

सर्वाधिक तक्रारी याच ठिकाणी होतात आणि त्यांतल्या बऱ्याच मोजण्याची रीत माहीत नसल्याने होतात. एक कान पूर्ण बंद असलेल्या माणसाला वाटतं की पन्नास टक्के मिळायला हवेत. प्रत्यक्षात सूत्र असं आहे: चांगल्या कानाच्या टक्क्यांना पाचने गुणायचं, त्यात खराब कानाचे टक्के मिळवायचे आणि सहाने भागायचं. चांगला कान शून्य, खराब कान शंभर, म्हणजे शंभर भागिले सहा, साधारण १७ टक्के. तसंच एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर ३० टक्के मिळतात. दोन्ही उदाहरणांत माणसाला दिव्यांगत्व आहे, पण बहुतेक योजनांना लागणारा ४० चा उंबरठा तो ओलांडत नाही.

दोन प्रकारची दिव्यांगत्वं एकत्र असतील तर थेट बेरीज होत नाही. मोठा आकडा तसाच ठेवतात. लहान आकड्याला (९० वजा मोठा आकडा) ने गुणून ९० ने भागतात आणि येईल ते मोठ्यात मिळवतात. पायाचं ४० टक्के आणि श्रवणाचं ३० टक्के असेल, तर ३० गुणिले ५० भागिले ९०, म्हणजे जवळपास १७. एकूण ५७ च्या आसपास, सत्तर नव्हे. तरीही हा हिशोब करून घेण्यासारखा आहे. अनेकांचं दुसरं दिव्यांगत्व कोणी तपासलेलंच नसतं. पोलिओने पाय गेलेल्या आणि आता ऐकू कमी येणाऱ्या माणसाने श्रवण तपासणीही मागून घ्यावी.

निर्णय पटला नाही तर कायद्याच्या कलम ५९ नुसार अपील करता येतं आणि पोर्टलवरही अपिलाची सोय आहे. अपिलात ‘टक्के कमी दिले’ एवढंच लिहू नका. कोणता अहवाल विचारात घेतला गेला नाही ते लिहा आणि त्याची प्रत जोडा.

एक फाइल, सहा कागद

यूडीआयडी आल्यावर पुढचे कागद एकदाच तयार करून ठेवा: दाखला आणि कार्ड, आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला किंवा पुरावा, बँक पासबुकाचं पहिलं पान. प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स काढा आणि मोबाइलमध्ये स्पष्ट फोटो ठेवा.

बँकेबाबत एक बारकावा आहे आणि त्यात फार जण अडकतात. खात्याला आधार क्रमांक जोडलेला असणं आणि सरकारी पैसे ज्या खात्यात जायचे त्याची एनपीसीआयकडे (बँकांमधले पैशांचे व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे) नोंद असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका माणसाची दोन खाती असतील तर पैसे शेवटी नोंदवलेल्या खात्यात जातात. ‘अनुदान मंजूर आहे, पण जमा होत नाही’ अशा तक्रारीत पैसे बरेचदा कुठल्यातरी जुन्या, विसरलेल्या खात्यात पडलेले असतात. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती बघितली की कोणती बँक जोडलेली आहे ते कळतं.

मूल लहान असेल तर दाखल्याची वाट पाहू नका

दाखला मिळायला वेळ लागतो आणि मुलाच्या मेंदूच्या वाढीला थांबता येत नाही. म्हणून इथे क्रम उलटा: आधी उपचार, मग कागद. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतात. त्यांना काही आढळलं की ते मुलाला जिल्हा शीघ्र निदान व उपचार केंद्रात पाठवतात. पथकाची वाट न पाहता तुम्ही स्वतःही जाऊ शकता. हे केंद्र बहुधा जिल्हा रुग्णालयाच्या आवारातच असतं. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांनी मुलाला एकाच ठिकाणी पाहावं, अशी त्याची रचना आहे.

ऐकण्याच्या बाबतीत तर आठवडेही मोलाचे. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र किंवा पुढचा उपचार, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो. ‘मुलगा उशिरा बोलेल, बापही उशिराच बोलला होता’ असं म्हणत घरात दोन-तीन वर्षं जातात, आणि ती परत मिळत नाहीत. केंद्राच्या योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आत बसवायचं श्रवणाचं यंत्र) मिळतं आणि त्यासाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलांना त्यात पाच वर्षांपर्यंतच घेतलं जातं. शस्त्रक्रियेनंतर बोलणं शिकवण्याचं प्रशिक्षण सलग वर्ष-दोन वर्षं चालतं. त्यासाठी येणंजाणं जमेल का, हे शस्त्रक्रियेआधीच घरात बसून ठरवा, कारण प्रशिक्षणाशिवाय यंत्र डोक्यात असूनही मूल बोलत नाही.

शाळा आणि परीक्षा

सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, साध्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आपल्या निवडीने. ‘आमच्याकडे सोय नाही’ असं सांगून सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक तालुक्याच्या गट साधन केंद्राशी जोडलेले असतात. शाळेत जाऊच न शकणाऱ्या मुलासाठी घरी येऊन शिकवण्याची तरतूदही तिथूनच होते. खासगी शाळेतल्या आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांवर दिव्यांग मूल वंचित घटक म्हणून अर्ज करू शकतं.

दहावी-बारावीला दर तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक मिळतो. दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार कॅल्क्युलेटर, वेगळी बैठक, काही विषयांना पर्याय अशा सवलतीही आहेत. यातली कोणतीही सवलत आपोआप लागत नाही. नववीतच मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज आणि दाखला द्या. परीक्षेचा फॉर्म भरताना दिव्यांगत्वाचा रकाना बरोबर भरलाय का, हे स्वतः डोळ्यांनी बघा. हॉल तिकीट आल्यावर त्यावर सवलत दिसत नसेल तर त्याच दिवशी शाळेत जा. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेचा असावा लागतो. त्याच्याबरोबर निदान चार-पाच पेपर सराव करून बघा. सांगून लिहून घेणं हे वेगळंच कौशल्य आहे, विशेषतः गणितात आणि आकृत्यांत.

दाखला ४० टक्क्यांच्या आत असेल तरी लेखनिकाची वाट बंद होत नाही. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार यांच्या खटल्यात सांगितलं की लिहिताना खरोखर अडचण येत असेल तर टक्क्यांची अट पुढे करून लेखनिक नाकारता येणार नाही. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्राने अशा उमेदवारांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्यांनी हे माहीत ठेवावं.

उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव आहेत आणि वयात पाच वर्षांची सूट आहे. सरकारी नोकरीत ४ टक्के. पण एक फरक नीट समजून घ्या. नोकरीतलं आरक्षण एकवीसही प्रकारांना नाही. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस यांची नावं कायद्याच्या त्या कलमात नाहीत. त्यांना महाविद्यालयात आरक्षण मिळतं, सरकारी नोकरीत मिळत नाही. आमच्या मते ही उणीव आहे आणि ती भरून निघायला हवी. पण आज अर्ज भरणाऱ्या मुलाने हे जाणूनच तयारी करावी.

अठरावा वाढदिवस

आईवडिलांनी सगळ्यात आधी वाचावा असा हा भाग आहे. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान. बौद्धिक दिव्यांगत्व कितीही तीव्र असलं तरी त्या दिवसापासून आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. याची जाणीव होते ती बँकेत, विम्याचे पैसे घेताना किंवा वडील गेल्यावर वारसाच्या नोंदीच्या वेळी.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी तिचे प्रमुख असतात, सोबत नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. आईवडील, भावंडं, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था ‘नमुना अ’ मध्ये अर्ज करते. त्याला दाखला, वयाचा पुरावा, दोघांचे आधार, फोटो आणि होऊ घातलेल्या पालकाची संमती जोडतात. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. मिळालेलं पालकत्वाचं प्रमाणपत्र बँकेत खातं उघडायला आणि चालवायला ग्राह्य धरलं जातं.

पालक झाल्यावर हिशोबाची जबाबदारीही येते. सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब द्यायचा. म्हणून त्या व्यक्तीचं खातं आपल्या खात्यात मिसळू नका आणि औषधं, प्रशिक्षण, प्रवास यांच्या पावत्या वेगळ्या पाकिटात ठेवा. आईवडील साठीच्या पुढे असतील तर ‘आमच्यानंतर कोण’ हा प्रश्न अर्ज करण्याआधी घरात मोकळेपणाने बोलून घ्या. बहिणीने किंवा भावाने मनापासून होकार दिला असेल तरच त्यांचं नाव पुढे करा.

मानसिक आजार या चारांत येत नाही. त्यासाठी मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ आहे. बरं असताना माणूस स्वतः आपला नामनिर्देशित प्रतिनिधी लिहून देऊ शकतो आणि आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत, याची आगाऊ सूचनाही. तातडीच्या मानसिक मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे.

याच वळणावर दोन कामं उरकून घ्या. आई किंवा वडील सरकारी नोकरीत असतील किंवा निवृत्त झाले असतील, तर दिव्यांग अपत्याला त्यांच्यामागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. मुलाचं नाव आणि दिव्यांगत्वाचा दाखला सेवापुस्तकात किंवा निवृत्तिवेतनाच्या कागदांत आईवडील हयात असतानाच नोंदवून घ्या. ते गेल्यावर ही नोंद करून घ्यायला वर्षं जातात. दुसरं काम म्हणजे राष्ट्रीय न्यासाचा ‘निरामय’ आरोग्य विमा, न्यासाच्या वरच्या चार प्रकारांसाठी. वर्षाला एक लाख रुपयांचं संरक्षण मिळतं, वयाची अट नाही आणि विमा घेण्याआधी तपासणीही नाही. पहिल्या नोंदणीला दारिद्र्यरेषेखाली २५० आणि वर ५०० रुपये, नूतनीकरणाला ५० आणि २५०. नोंदणी न्यासाच्या नोंदणीकृत संस्थेमार्फत होते. याचा खरा उपयोग ओपीडीला आणि थेरपीला होतो, कारण त्या खर्चासाठी रुग्णालयात भरती व्हावं लागत नाही. पैसे आधी भरून मग परत मिळतात, म्हणून प्रत्येक सत्राची तारीख, नाव आणि सही असलेली पावती लागते. महिन्याची एकच मोघम पावती घेतली की दावा अडकतो. विम्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं.

दरमहा पैसे

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसीलमध्ये किंवा सेतू केंद्रात. दिव्यांगत्व ४० टक्के, वय ६५ च्या आत, महाराष्ट्रात १५ वर्षांचा रहिवास, आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांपर्यंत. इतरांना मर्यादा २१ हजारांची आहे आणि खिडकीवर कधीकधी तीच सांगितली जाते, तेव्हा आग्रहाने ५० हजार म्हणा. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांना दरमहा १,५०० ऐवजी २,५०० रुपये झाले आहेत. तालुका समितीच्या मंजुरीनंतर पैसे सुरू होतात आणि हयातीचा दाखला वेळेत दिला नाही तर थांबतात.

दुसरा स्रोत कमी जणांना माहीत आहे. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका या सगळ्यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे आहेत. यूडीआयडीची प्रत देऊन गावाच्या दिव्यांग नोंदवहीत आपलं नाव लिहून घ्या. नंतर ग्रामसभेत विचारा: गेल्या वर्षी स्वउत्पन्न किती झालं, त्याचे पाच टक्के किती, आणि ते कशावर खर्च झाले? लहान गावात ही रक्कम थोडी असते, पण प्रश्न विचारला जातोय म्हटल्यावर खर्च व्हायला लागतो.

पगारदारांसाठी: प्राप्तिकरात ४० टक्क्यांपासून ७५ हजारांची आणि ८० टक्क्यांपासून सव्वा लाखाची वजावट आहे, स्वतःसाठी किंवा अवलंबून असलेल्या नातेवाईकासाठी. ती जुन्या करपद्धतीतच मिळते. आता नवी पद्धत आपोआप धरली जाते, म्हणून दोन्हींचा हिशोब करूनच निवडा.

साधनं

केंद्राच्या एडिप योजनेत ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांना खुर्ची, कुबड्या, कॅलिपर, श्रवणयंत्र, तीनचाकी सायकल अशी साधनं मिळतात. मासिक उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर पूर्ण मोफत, ३०,००० पर्यंत अर्ध्या किमतीत. एकदा साधन घेतलं की पुढचं तीन वर्षांनी, बारा वर्षांखालच्या मुलांना वर्षाने. शिबिरं दोन टप्प्यांत होतात: आधी मोजमाप आणि नोंदणी, काही महिन्यांनी वाटप. वाटपाची बातमी वाचून आलेल्या माणसाला त्या दिवशी काही मिळत नाही, कारण साधनं नोंदणी झालेल्यांच्या नावाने आलेली असतात. तारीख जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात कळते.

चाकाची खुर्ची घेताना फुकट आहे म्हणून कुठलीही उचलू नका. बसल्यावर मांडीच्या दोन्ही बाजूंना तळहात जेमतेम सरकेल एवढीच रुंदी हवी. जास्त असेल तर माणूस एका बाजूला कलतो आणि पाठीचा कणा वाकतो. सीटची पुढची कडा आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं अंतर हवं, नाहीतर कातडी घासते. पावलं पायठेव्यावर टेकली पाहिजेत. ज्यांच्या कमरेखाली संवेदना नाही त्यांनी चांगल्या उशीशिवाय बसूच नये आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी वजन हलवावं. माकडहाडावर झालेली एक जखम महिनेच्या महिने अंथरुणात घालवायला लावते. घराला उतार करायचा असेल तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे प्रमाण धरा. दोन पायऱ्यांवर चार फुटांची फळी टाकली तर मागून ढकलणारा माणूसही घसरतो.

प्रवास

एसटीत ४० टक्क्यांपासून भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. ६५ टक्के आणि त्यावर सोबतच्या माणसाला ५० टक्के. मूळ कार्ड जवळ ठेवा. रेल्वेचं गणित वेगळं. तिथे सगळ्या दिव्यांगांना सवलत नाही. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग आणि बौद्धिक दिव्यांग, पूर्ण अंध, आणि पूर्ण मूकबधिर अशा चारच गटांना आहे. यूडीआयडी असलं तरी रेल्वेच्या ठरावीक नमुन्यात सरकारी डॉक्टरांचं वेगळं प्रमाणपत्र लागतं आणि त्यावर रेल्वेचं दिव्यांग ओळखपत्र ऑनलाइन अर्जाने मिळतं. प्रमाणपत्रावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि रुग्णालयाचा शिक्का स्पष्ट उमटलाय का, हे तिथल्या तिथे बघा. बहुतेक अर्ज याच कारणाने परत येतात.

अडलं तर

तोंडी मागितलेल्या गोष्टीची नोंद राहत नाही. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. शिक्का द्यायला नकार दिला तर तोच अर्ज पोचपावतीच्या टपालाने पाठवा. महिनाभरात उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात विचारा: माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, तो आज कोणाच्या टेबलावर आहे? शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. महाराष्ट्रात असा अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. त्यात गाऱ्हाणं लिहीत बसलात तर अर्ज फेटाळला जातो, म्हणून फक्त प्रश्न लिहा.

हक्कच नाकारला गेला असेल, म्हणजे शाळेने प्रवेश नाकारला, कार्यालयात चाकाच्या खुर्चीला वाट नाही, परीक्षेत लेखनिक दिला नाही, तर आधी त्या कार्यालयाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी जा. प्रत्येक सरकारी आस्थापनेने असा अधिकारी नेमायचा आहे. तिथे निकाल लागला नाही तर पुण्याच्या दिव्यांग व्यक्तींच्या राज्य आयुक्तांकडे. तिथे वकील लागत नाही, टपालाने तक्रार चालते. साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आयुक्तांना आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं. तक्रार एका पानात ठेवा: कोण, कुठे, कोणत्या तारखेला, काय मागितलं, काय उत्तर मिळालं, काय हवं आहे. मागे यूडीआयडीची आणि शिक्का असलेल्या अर्जाची प्रत जोडा.

प्रकरण कोर्टात न्यावंच लागलं तर वकिलाच्या फीची काळजी करू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, आणि घरून निघणं शक्य नसेल तर १५१०० वर फोन करून अर्ज कसा द्यायचा ते विचारता येतं.